सरदारांचा उजवा हात : व्ही. पी. मेनन

गेल्या दिवाळीत माझे मामा कोइमतूरहून गावी आले होते. आमच्या आटपाडी भागातील पुष्कळ माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. पाऊस दगा देतो, जमीन माळरानाची, तेव्हा पोटासाठी मुलूख सोडावा लागतो. मामांनी बारा वर्षांचे असताना गाव सोडले आणि आज त्यांचे स्वतःचे लहानसे दुकान आहे. माझी कॉलेजची फी तेच भरतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ओसरीवर बसून त्यांनी मला सरळ विचारले की, या बी. ए.चा पुढे उपयोग काय? दुसरे वर्ष झाले की दुकानात ये, भट्टीचे काम शीक, हिशेब सांभाळ, असे त्यांचे म्हणणे पडले. वडील काही बोलले नाहीत. आईने कंदिलातील वात सारखी करण्याचे निमित्त करून मान खाली घातली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे मामांना उत्तर देईल असा दुसरा कोणी घरात नव्हता, आणि मला स्वतःला उत्तर सापडले नाही.

सुट्टी संपवून परत आलो तेव्हा आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी संस्थानांच्या विलीनीकरणावर टिपण लिहावयास सांगितले होते. ग्रंथालयात त्यांनीच व्ही. पी. मेनन यांचे जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या हातावर ठेवले. शब्दकोश शेजारी घेऊन दोन महिने मी ते वाचले. सरदार पटेलांचे नाव शाळेपासून ऐकले होते. पण सरदारांच्या शेजारी कागदपत्रांची पेटी घेऊन उभा असलेला हा माणूस मला ठाऊकच नव्हता. मामांना द्यावयाचे उत्तर या माणसाच्या चरित्रात मिळेल असे मला वाटले. ते मिळाले का, हे शेवटी सांगतो.

मेनन यांचा जन्म ३० सप्टेंबर १८९३ रोजी मलबारात ओट्टपालमजवळच्या एका खेड्यात झाला. वडील शाळामास्तर. घरात भावंडे पुष्कळ, मिळकत बेताची. शिक्षण अर्धवट सोडून मेनन घराबाहेर पडले. पडेल ते काम त्यांनी केले. कोलारच्या सोन्याच्या खाणीतही ते राबले. हे वाचताना मी थबकलो. आमच्या गावची माणसे सोने वितळवून पोट भरतात आणि हा मनुष्य सोने खणून पोट भरत होता! पुढे ते उत्तरेस गेले. दिल्लीत उतरले तेव्हा त्यांचे होते नव्हते ते चोरीला गेले होते, आणि एका अनोळखी वृद्ध शीख गृहस्थाने त्यांना पंधरा रुपये दिले, अशी एक गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. पैसे परत कोठे करू, असे विचारल्यावर त्या गृहस्थाने सांगितले म्हणे की, मला नकोत. आयुष्यभर जो कोणी गरजू प्रामाणिक माणूस तुझ्यापुढे हात पसरील त्याला दे.

१९१४ च्या सुमारास सिमल्याला हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्यात मेनन कारकून म्हणून लागले. टंकलेखनाचे यंत्र ही त्यांची पहिली विद्या. नंतर ते राजकीय सुधारणांच्या कचेरीत आले आणि तेथेच मुरले. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांपासून १९३५ च्या कायद्यापर्यंत हिंदुस्थानच्या राज्यघटनेसंबंधी जे जे कागद सरकारात फिरले, ते या माणसाच्या टेबलावरून गेले. इतरांनी ते कागद पुढे सरकवले. मेनन यांनी ते वाचले. मला वाटते, त्यांच्या साऱ्या आयुष्याचे मर्म या एका गोष्टीत आहे. आय. सी. एस.ची परीक्षा नाही, विद्यापीठाची पदवी नाही, विलायतेतील शिक्षण नाही. तरी १९४२ साली ते सुधारणा खात्याचे आयुक्त, म्हणजे रिफॉर्म्स कमिशनर झाले. लिनलिथगो, वेव्हेल आणि माउंटबॅटन अशा तीन व्हॉइसरॉयांना घटनेच्या प्रश्नांवर सल्ला देण्याचे काम त्यांनी केले.

आता सरदारांकडे पाहू. वल्लभभाई पटेल मेनन यांच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे, करमसदच्या शेतकरी घराण्यातले. बॅरिस्टरी सोडून ते गांधीजींच्या मागे गेले, १९२८ साली बार्डोलीच्या शेतकऱ्यांचा लढा त्यांनी जिंकला आणि इंग्रजांच्या तुरुंगात वर्षानुवर्षे काढली. ज्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले त्याच सरकारच्या कचेरीत मेनन पगार घेत होते. एकाने खादी नेसून सत्याग्रह करावा आणि दुसऱ्याने सत्याग्रह्यांच्या मागण्यांवर इंग्रज साहेबासाठी टिपणे लिहावीत! अशा दोन माणसांचे सूत जुळेल असे कोणी म्हटले असते तर हसू आले असते. पण ते जुळले.

२ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार बनले आणि सरदार गृहखात्याचे प्रमुख झाले. त्या हिवाळ्यात मेनन त्यांना भेटले. मुस्लिम लीग आणि काँग्रेस यांच्यात कोंडी झालेली, दंगली पेटलेल्या, राज्ययंत्र ढासळत चाललेले. मेनन यांनी सरदारांपुढे एक विचार मांडला. अखंड पण दुबळ्या देशाच्या मागे लागून यादवी ओढवून घेण्यापेक्षा दोन राज्ये मान्य करावीत, आणि पूर्ण स्वातंत्र्याची घटना होईपर्यंत वसाहतीचा दर्जा घेऊन सत्ता लवकर हाती घ्यावी. लाहोरच्या अधिवेशनापासून काँग्रेसने पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतलेली होती. वसाहतीचा दर्जा हा शब्दसुद्धा देशभक्तांना कडू लागत होता. सरदारांनी तो माणूस कोणाचा नोकर आहे हे पाहिले नाही. तो काय म्हणतो हे पाहिले. शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी संमती दर्शविली आणि त्या योजनेचा सारांश लंडनला भारतमंत्र्यांकडे पोचविण्यात आला.

हा विचार पुढे अकस्मात उपयोगी पडला. मे १९४७ मध्ये माउंटबॅटन सिमल्यास होते. सत्तांतराची जी योजना लंडनहून मंजूर होऊन आली होती ती त्यांनी १० मेच्या रात्री पंडित नेहरूंना दाखविली. देशाचे तुकडेतुकडे पडतील असे दिसताच नेहरू संतापले आणि दुसऱ्या दिवशी सारेच फिसकटले. नेहरू त्या संध्याकाळी दिल्लीस परतणार होते. तेव्हा मेनन यांना बोलावणे आले, आणि अवघ्या काही तासांत त्यांनी नवा मसुदा लिहून दिला. तोच मसुदा घेऊन माउंटबॅटन मेनन यांच्यासह लंडनला गेले आणि त्यातूनच ३ जूनची योजना जन्मास आली. दोनचार तासांत हे झाले असे आपण म्हणतो. पण त्या दोनचार तासांच्या पाठीमागे तीस वर्षांचे वाचन होते, हे विसरून चालणार नाही.

येथे एक प्रश्न मला सतावतो. मेनन त्या वेळी व्हॉइसरॉयचे सल्लागार होते आणि मन मात्र सरदारांपाशी मोकळे करीत होते. याला निष्ठा म्हणावे की दुटप्पीपणा? मी यावर वर्गात सरांशी वादही घातला. माझे मत असे झाले आहे की, ज्याचे मीठ खावे त्याचे नुकसान त्यांनी केले नाही. सत्ता शांततेने सोडून जावे ही इंग्रजांचीही गरज होती. तथापि हा मार्ग निसरडा होता, आणि सरदारांसारखा जबाबदार पुरुष पलीकडे नसता तर मेनन यांचा पाय घसरला असता, असेही मला वाटते.

सत्तांतर झाले की निवृत्त व्हावे, असा मेनन यांचा बेत होता. शरीर थकले होते. परंतु सरदारांनी त्यांना जाऊ दिले नाही. जुलै १९४७ मध्ये संस्थानी खाते निघाले, सरदार त्याचे मंत्री आणि मेनन सचिव झाले. हिंदुस्थानच्या सुमारे दोन पंचमांश भूमीवर साडेपाचशेच्या वर संस्थाने पसरलेली होती. इंग्रज गेले की त्यांचे सार्वभौमत्व संपणार आणि प्रत्येक संस्थानिक कायद्याने मोकळा होणार. हातात वेळ होता सहा आठवड्यांहून कमी.

मेनन यांनी युक्ती काढली ती साधी होती. संस्थानिकांनी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय द्यावेत. बाकी कारभार त्यांच्याकडे राहील. नाहीतरी इंग्रजांच्या अमदानीत हे तीन विषय त्यांच्या हाती कोठे होते! शिवाय राजघराण्याशी नाते असलेल्या माउंटबॅटन यांचे वजन या कामी वापरावे, असेही मेनन यांनी सुचविले. सरदारांनी दोन्ही गोष्टी उचलल्या. २५ जुलैला माउंटबॅटन यांनी नरेंद्रमंडळापुढे भाषण केले. मग सामीलनाम्यांवर सह्या पडू लागल्या, आणि १५ ऑगस्टपर्यंत हैदराबाद, काश्मीर व जुनागढ असे थोडे अपवाद सोडता बहुतेक संस्थाने भारतात आली.

हे काम टेबलाशी बसून होणारे नव्हते. जोधपूरचे तरुण महाराज हणवंतसिंह यांना जिनांनी कोऱ्या कागदावर सही करून देऊ केली होती, हव्या त्या अटी लिहा म्हणून. अखेर ते भारतात सामील व्हावयास तयार झाले. पण सही केल्यावर, माउंटबॅटन खोलीबाहेर गेले असता, महाराजांनी पेनाच्या आकाराचे पिस्तूल काढून मेनन यांच्यावर रोखले. मेनन डगमगले नाहीत. असल्या पोरखेळाने सही पुसली जाणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी महाराजांना ऐकविले. एके काळचा टंकलेखक एका राजाला समजावीत होता, आणि राजा ऐकत होता.

या दोघांच्या कामाची वाटणी कशी होती, हे १९४७ च्या डिसेंबरात नीट दिसते. ओरिसातील लहान लहान संस्थानांत प्रजेचे उठाव होऊ लागले होते. सरदार मेनन यांना घेऊन कटकला गेले. संस्थाने ओरिसा प्रांतात विलीन का व्हावयास हवीत, हे सरदारांनी राजांना मोजक्या शब्दांत सांगितले. नंतर कलमांची घासाघीस, तनख्याचे आकडे, मानमरातबाच्या अटी हे सारे मेनन यांनी रात्री उशिरापर्यंत बसून पार पाडले. तेथून दोघे आपल्या नागपूरला आले आणि १५ डिसेंबरला छत्तीसगडच्या संस्थानिकांशी बोलणी झाली. सरदार दिशा ठरवीत आणि मागे वळून पाहत नसत. मेनन वाट आखीत. प्रत्येक ओळ विचारून लिहावी असा सरदारांचा आग्रह नव्हता, आणि सरदारांना अंधारात ठेवून पुढे जावे असा मेनन यांचा स्वभाव नव्हता. १९४८ च्या मार्चमध्ये सरदारांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे ते डेहराडूनला विश्रांतीसाठी राहिले, तेव्हा मेनन कागदपत्रे घेऊन तेथे जात. खाते क्षणभर थांबले नाही. सरदारांची कन्या मणिबेन वडिलांना जपत होत्या; पण कामाशिवाय सरदारांना चैन पडत नव्हते.

काश्मीरच्या बाबतीत १९४७ च्या ऑक्टोबरात मेनन विमानाने श्रीनगरला गेले. टोळीवाले बारामुल्लाच्या रोखाने येत होते. महाराजांची सही नेमकी केव्हा झाली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्या धावपळीचे ओझे मेनन यांनी वाहिले यात शंका नाही. हैदराबादच्या बाबतीत निजामाच्या शिष्टमंडळांशी महिनोन्महिने बोलणी झाली, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी जैसे थे करार झाला, तोही निष्फळ ठरला. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य निघाले आणि १७ सप्टेंबरला मराठवाड्यासह सारे हैदराबाद मुक्त झाले.

हे सर्व वाचताना मला माझ्या गावाची आठवण सारखी येत होती. आमची आटपाडी औंध संस्थानात होती. आमचे पणजोबा पंतप्रतिनिधींची प्रजा. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना दिली आणि कारभार गावपंचायतींच्या हाती सोपविला. स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहतही त्याच काळातली. म्हणजे सगळेच संस्थानिक जुलमी होते असे नाही. ८ मार्च १९४८ रोजी औंध, सांगली, फलटण, भोर अशी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला आले. राजा गेला त्या दिवशी पणजोबा रडले होते, असे आजी सांगत असे. का रडले, असे विचारले तर ती म्हणे, की आता गाऱ्हाणे सांगावयाला कोणाच्या दारात जायचे हे त्यांना कळेना. पणजोबांना मेनन हे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांच्या सातबाऱ्यावरचे सरकार बदलले ते या माणसाने लिहिलेल्या कागदाने.

टीकाही झाली आणि ती खोटी नव्हती. जुलैमध्ये तीनच विषय मागितले आणि डिसेंबरात सारे राज्यच मागितले, हा शब्द फिरविणे नव्हे काय? लहान संस्थानांना आपला कारभार झेपणार नाही आणि प्रजा थांबणार नाही, असे मेनन यांचे उत्तर होते. त्याबदली संस्थानिकांना तनखे दिले गेले आणि घटनेत त्यांची हमी लिहिली गेली. ती हमी १९७१ साली घटनादुरुस्तीने रद्द झाली. ते पाहावयास मेनन नव्हते. राष्ट्राने दिलेला शब्द पाळावा की गरिबांच्या देशात राजांना तनखे देणे थांबवावे, हा वाद आमच्या वर्गात अजून मिटलेला नाही. मी स्वतः तनखे बंद झाले हे योग्य मानतो. पण ज्याने समोर बसून शब्द दिला त्याला ते लागले असते, हेही मला कळते.

ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत सनदी नोकरांवर टीका झाली, तेव्हा सरदार त्यांच्या बाजूने खंबीरपणे उभे राहिले. मतभेद निर्भयपणे सांगणारा अधिकारी हवा, होयबा नको, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मला वाटते, असे बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे मेनन असले पाहिजेत.

१५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत सरदारांचे निधन झाले. नागपूरच्या त्या बैठकीला बरोबर तीन वर्षे झाली होती. मेनन यांचा सूर्यही त्यानंतर मावळतीस लागला. १९५१ साली काही महिने ते ओरिसाचे राज्यपाल होते, पहिल्या वित्त आयोगाचे सदस्यही झाले. पण ज्या कामात त्यांची बुद्धी लखलखत होती ते काम पुन्हा मिळाले नाही. पाठीशी आय. सी. एस.चे गणगोत नव्हते, आणि ज्याने पारख केली तो पारखी गेला होता. ते बंगलोरला जाऊन राहिले. सत्तांतर आणि विलीनीकरण यांचा इतिहास लिहीन, असे वचन त्यांनी सरदारांना दिले होते. विलीनीकरणाचे पुस्तक १९५६ साली आणि सत्तांतराचे १९५७ साली प्रसिद्ध झाले. मालक गेल्यावर त्याचे काम पुरे करणारा चाकर थोर, असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर नाते मालक-चाकराचे राहिलेच नव्हते. १९५९ साली ते स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेत सहभागी झाले. १९६५ च्या डिसेंबरअखेरीस बंगलोरला त्यांचे निधन झाले. त्याआधी काही आठवडे दारी एक भिकारी आला असता त्यांनी मुलीला पैशाचे पाकीट आणावयास सांगितले आणि त्यातून मोजून पंधरा रुपये त्याला दिले, असे सांगतात.

आता मामांचे उत्तर. खरे सांगावयाचे तर मेनन यांचे चरित्र पहिल्याप्रथम मामांच्याच बाजूने बोलू लागले. पदवी नसताना हा मनुष्य देशाचा नकाशा बदलू शकला, मग माझ्या बी. ए.ला काय सोने लागले आहे? हा प्रश्न मी आठवडाभर मनात घोळवला. मग ध्यानात आले की, मेनन यांनी शिक्षण सोडले नव्हते, शाळा सोडली होती. तीस वर्षे ते शिकतच होते, फक्त त्याचे प्रमाणपत्र त्यांना कोणी दिले नाही. आणि प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला एखादा सरदार भेटावा लागतो. सरदार गेला की तो पुन्हा एकटा. माझ्या वाट्याला सरदार पटेल येतील असे धरून मी चालू शकत नाही.

दुसरे असे की, भट्टीचे काम हलके नाही. कोलारची खाण ज्याला चालली त्याला ते हलके वाटले नसते. म्हणून मी मामांना फोन करून सांगितले की, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोइमतूरला येतो, हिशेबाच्या वह्या लिहितो, भट्टीही शिकतो. पण तिसरे वर्ष पुरे करू द्या. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले की, परीक्षेची फी कधी भरायची आहे?

ती फी मला केव्हातरी फेडावी लागेल. मामा ती परत घेणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. आमच्या गावात माझ्या मागून कॉलेजला येणारी मुले आहेत, तिकडेच ती फेडावी लागेल.